फोटोचं बिल कोणी भरलं, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डेट्रॉईटजवळ एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून तुम्ही एक पुठ्ठ्याचं खोकं घेतलंत. आत आठ बाय दहा इंचाच्या निगेटिव्ह आहेत, काही काचेच्या, काही फिल्मच्या, आणि कापडावर चिकटवलेले थोडे प्रिंट. एका फोटोत रुंद रस्ता, ट्रामचे रूळ आणि चौकाच्या मधोमध एक मनोरा दिसतो. मनोऱ्यावर पोलिसाला उभं राहायला छोटी खोली आणि तिच्या चारही अंगांना दिवे. विकणारा म्हणाला, "१९१५ सालचा आहे, जगातला पहिला ट्रॅफिक सिग्नल." तुम्हाला शंका अशी की दिवा तर एकही पेटलेला दिसत नाही, आणि रस्ताही जवळजवळ ओस आहे. मग सिग्नल चालू तरी होता का? फोटो कधीचा? आणि याचं पुढे करायचं काय?

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंचे साठे उघडणं, त्यांची यादी करणं, निगेटिव्ह स्कॅन करून संग्रहालयात जाण्याजोग्या करणं हेच माझं काम आहे. ते साठे बहुतेक व्यावसायिक स्टुडिओंचे असतात. म्हणजे लग्न-मुंजीचे नव्हेत, तर कारखाने, दुकानं, रस्ते, यंत्रं, अपघात, इमारतींचे पाये असले रुक्ष विषय पैसे घेऊन टिपणाऱ्यांचे. त्या अनुभवावरून सांगते, फोटो कधीचा हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तो कोणी काढून घेतला. व्यावसायिक छायाचित्रकार आठ बाय दहाचा अवजड कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन चौकात हौसेनं उभा राहत नसे. काच महाग, माणूस मदतीला लागायचा, परत डार्करूमचा खर्च. कोणीतरी बिल भरणार असेल तरच तो बाहेर पडायचा. गिऱ्हाईक कोण ते कळलं की फोटोतल्या अर्ध्या विचित्र गोष्टींचा उलगडा होतो, तारखेचाही.

तुमच्या वर्णनावरून मी काही गोष्टी बऱ्यापैकी खात्रीनं सांगू शकते, काही निगेटिव्ह हातात घेतल्याशिवाय नाही. कुठे काय ते सांगत जाईन.

आधी "जगातला पहिला" हे डोक्यातून काढून टाका. हे बिरुद मिरवणारी निदान चार शहरं आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या विशेषणापुरतं खरं आहे. लंडनला पार्लमेंटजवळ डिसेंबर १८६८ मध्ये जॉन पीक नाइट या रेल्वेच्या इंजिनिअरनं सुचवलेला सिग्नल लागला: दिवसा रेल्वेसारखे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिनाभरातच, जानेवारी १८६९ मध्ये, गॅसचा स्फोट होऊन पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग आटोपला. सॉल्ट लेक सिटीत लेस्टर वायर नावाच्या पोलिसानं १९१२ मध्ये लाकडी पेटीत लाल-हिरवे विजेचे दिवे बसवले. क्लीव्हलँडला ५ ऑगस्ट १९१४ रोजी युक्लिड अव्हेन्यू आणि ईस्ट १०५ स्ट्रीटच्या चौकात विजेचे सिग्नल सुरू झाले. त्यामागचं पेटंट जेम्स होग यांचं. आणि डेट्रॉईटचा मान वेगळा आहे: १९२० मध्ये विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्यानं लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग चारही दिशांना दाखवणारा सिग्नल उभा केला. मधला पिवळा दिवा हीच त्यातली खरी भर. "थांबा" आणि "जा" यांच्यामध्ये गाड्यांना चौक मोकळा करायला वेळ हवा, हे रस्त्यावर उभं राहणाऱ्या पोलिसालाच सुचू शकतं. पॉट्सचा सिग्नल डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ठेवलेला आहे. तुम्ही तिथून फार लांब नाही, तेव्हा फोटोची मोठी प्रत घेऊन एकदा जाऊन या. दिव्यांच्या पेट्यांची ठेवण समोरासमोर ताडून बघण्याला तोड नाही.

तरीही मनोरा दिसला म्हणजे तो पॉट्सचाच, असं लगेच धरू नका. वुडवर्ड आणि मिशिगन अव्हेन्यूच्या चौकात १९१७ पासूनच पोलिसासाठी उंच मचाण होतं. त्यामुळे "मनोरा आहे" यावरून फार तर १९१७ नंतर एवढंच म्हणता येईल. "दिवे तीन-तीनच्या ओळीत आहेत" हे स्पष्ट दिसलं, तर १९२० किंवा नंतरचा. १९१५ मात्र या दोन्ही हिशेबांत बसत नाही.

आता न पेटलेल्या दिव्यांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच.

त्या काळच्या बहुतेक प्लेट आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असत. म्हणजे निळा रंग त्यांना फार दिसायचा, हिरवा-पिवळा बऱ्यापैकी, आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ पासून बाजारात होती, पण ती पूर्ण अंधारात हाताळावी लागे, महागही पडे. रोजची कामं करणारे स्टुडिओ पुढे कितीतरी वर्षं ऑर्थोवरच होते. आता या फिल्मच्या डोळ्यांनी तुमचा चौक बघा. सिग्नलचा लाल दिवा पेटलेला असला, तरी फिल्मला तो काळा गोल दिसणार. हिरवा पेटलेला असेल तर राखाडी किंवा फिकट. पिवळा यांच्या मधे कुठेतरी. त्यात भर दिवसाचं ऊन, आणि आतला बल्ब आजच्यासारखा डोळे दिपवणारा नाही. म्हणून "एकही दिवा पेटलेला नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "आपल्या बाजूला लाल आहे" असा निघतो. खात्री करायची तर समोरच्या बाजूच्या तीन गोलांची एकमेकांशी तुलना करा. दोन सारखे काळे आणि एक किंचित उजळ असेल, तर उजळ तो बहुतेक पेटलेला हिरवा किंवा पिवळा. तिन्ही काळे असतील तर मनोऱ्याच्या आडव्या बाजूला, म्हणजे उजवीकडच्या रस्त्याकडे तोंड केलेल्या दिव्यांत काही उजळ दिसतं का बघा. तिकडे हिरवा असेल तर आपल्याकडे लालच असणार. त्याला गाड्यांचा पुरावा जोडा: कोणत्या रस्त्यावरच्या गाड्या धूसर आहेत आणि कोणत्या ठाशीव? ठाशीव म्हणजे थांबलेल्या. एवढ्यावरून फोटो काढला त्या क्षणी सिग्नल काय सांगत होता ते ओळखता येतं.

हाच प्रकार आकाशाचा. ढग दिसत नाहीत, आकाश कोरं पांढरं. ते हवामान नव्हे, निळ्याला हपापलेली फिल्म आहे. आणि लाल विटांच्या इमारती काळवंडलेल्या दिसतात म्हणून त्या धुराने काळ्या झाल्या असं लिहिणारे लोक मी पाहिले आहेत.

रिकाम्या रस्त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर मोठा कॅमेरा, चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं ठाशीव यावं म्हणून भिंगाचं तोंड बारीक केलेलं, आणि प्लेट किंवा फिल्म मंद, म्हणजे प्रकाश सावकाश टिपणारी. प्रकाश पुरेसा आत यायला वेळ लागायचा. तेवढ्यात चालणारा माणूस नुसता धुरकट पट्टा होतो, आणि वेळ जास्तच दिला असेल तर दिसेनासा होतो. फोटोवर भिंग धरून फुटपाथजवळ बघा, बिनधडाचे बूट सापडतात. चालताना पाऊल क्षणभर टेकतं, तेवढंच उमटतं. दुसरं कारण म्हणजे छायाचित्रकारानं मुद्दाम रविवारची सकाळ निवडली असेल. दुकानांचे पडदे ओढलेले आहेत का, सावल्या लांब आहेत का, ते पाहा. गिऱ्हाइकाला वस्तू दाखवायची असली की गर्दी नको असते.

इथून पुन्हा बिलाकडे. त्या काळी सिग्नलचे फोटो कोण कोण काढून घ्यायचं, आणि प्रत्येकाचा फोटो कसा वेगळा दिसतो, हे कळलं की काम सोपं होतं.

सगळ्यात उघड गिऱ्हाईक म्हणजे सिग्नल बनवणारी कंपनी. १९२० च्या दशकात अमेरिकेत सिग्नलचा धंदा नुकता फुलत होता आणि एका शहरात बसवलेला सिग्नल पुढच्या शहराला विकायचा तर फोटो लागायचा. लॉस एंजेलिसला ॲक्मी कंपनीचे सिग्नल होते: खांबावरून "स्टॉप" आणि "गो" लिहिलेले हात बाहेर यायचे, सोबत घंटा वाजायची, खाली छोटे दिवे. ते तिथे १९५० च्या दशकापर्यंत टिकले. असा विक्रीचा फोटो ओळखता येतो. सिग्नल मधोमध, मागची इमारत शक्यतो साधी, कॅमेरा थोडा खाली ठेवून सिग्नल आकाशावर कोरलेला, आणि वेळ अशी की चौक नीटनेटका दिसावा. तुमचे प्रिंट कापडावर चिकटवलेले आहेत हेही याच दिशेला बोट दाखवतं. विक्रेते फिरतीवर नेत त्या वह्यांसाठी प्रिंट कापडावर चढवत, म्हणजे हजारदा उलटूनही फाटत नसत. डाव्या कडेला कापडाची रिकामी पट्टी सोडलेली आहे का आणि तिला भोकं आहेत का, बघा. असतील तर तो वहीतून सुटलेला प्रिंट आहे.

त्याच खोक्यातल्या एखाद्या निगेटिव्हवर विटकरी किंवा काळा रंग फासलेला दिसला तर कृपा करून पुसू नका. तो डाग नव्हे. वस्तूभोवतीचा परिसर झाकण्यासाठी रिटचर, म्हणजे निगेटिव्हवर हातानं दुरुस्त्या करणारा कारागीर, ब्रशनं अपारदर्शक रंग भरायचा. प्रिंटमध्ये तेवढा भाग कोरा पांढरा यायचा आणि पांढऱ्यावर एकटा सिग्नल उभा राहायचा, थेट माहितीपत्रकात छापायला. नीट बघितलं तर दिव्याच्या गोलाभोवती ब्रशची कड किती सफाईनं वळवली आहे ते दिसतं आणि रिटचरचा हात ओळखू येतो. साबणाच्या पाण्यानं हे "स्वच्छ" केलेल्या प्लेट माझ्याकडे येतात तेव्हा कपाळावर हात मारण्यापलीकडे काही करता येत नाही.

दुसरं गिऱ्हाईक वकील किंवा विमा कंपनी. या फोटोंमध्ये सौंदर्य शोधायला जाऊ नका. कॅमेरा गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला, एका ठरावीक पट्ट्यात, आणि तोच चौक तीन-चारदा, दर वेळी थोडं मागे सरकून. प्रश्न एकच असतो: इतक्या अंतरावरून सिग्नल दिसत होता की खांबाआड गेला होता? कधी रस्त्यात एक माणूस उगाच उभा असतो, कोणाशी बोलत नाही, कुठे निघालेला नाही. तो जागा दाखवायला उभा केलेला असतो. तुमच्या खोक्यात याच चौकाचे सारखेच दिसणारे आणखी फोटो असतील, तर त्यांना नक्कल समजून बाजूला टाकू नका; क्रमानं मांडा.

तिसरे, रस्त्यावरचे दुकानदार आणि त्यांच्या संघटना. न्यूयॉर्कला फिफ्थ अव्हेन्यूवर १९२० मध्ये आधी साधे लाकडी मनोरे उभे राहिले, आणि १९२२ पासून वास्तुविशारद जोसेफ फ्रीडलँडर यांनी केलेले कांस्याचे देखणे मनोरे. त्यांचा खर्च फिफ्थ अव्हेन्यू असोसिएशन या तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं केला. रस्त्याची शोभा हा त्यांचा धंद्याचाच भाग होता. पण गाड्या वाढल्या तसे रस्त्याच्या मधले हे मनोरे स्वतःच अडथळा झाले आणि १९२९ मध्ये काढून टाकले गेले. एवढ्या थोड्या वर्षांचं आयुष्य असलेली वस्तू फोटोची तारीख लावणाऱ्याला फार सोयीची. दुकानदारांच्या फोटोत मात्र सिग्नल बहुतेक वेळा पाहुणा असतो: कडेला अर्धा कापलेला, आणि मधोमध दुकानाची पाटी.

नगरपालिकेचा अभियंता, ट्राम कंपनी, रस्त्यावरचे दिवे पुरवणारे, पायाखोदाईचा कंत्राटदार हेही होतेच. यांच्या फोटोत रूळ, खांब, खड्डे ठळक असतात, आणि नशीब जोरावर असेल तर एका कोपऱ्यात तारीख लिहिलेली पाटी.

पोस्टकार्डवाल्यांचा वेगळा उल्लेख करते, कारण डेट्रॉईट म्हटलं की लोक पहिलं नाव डेट्रॉईट पब्लिशिंग कंपनीचं घेतात. तिच्या पंचवीस हजारांहून जास्त काच निगेटिव्ह आणि पारदर्शिका लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या बघता येतात. पण ती कंपनी १९२४ मध्येच डबघाईला आली होती. तुमचं खोकं तिचं असण्याची शक्यता मला कमी वाटते. कापडावरचे प्रिंट आणि फिल्मच्या निगेटिव्ह हे एखाद्या स्थानिक, मिळेल ते काम करणाऱ्या स्टुडिओचं लक्षण आहे. तरी त्या संग्रहात वुडवर्ड अव्हेन्यूचे फोटो भरपूर आहेत, चौकाची वर्षागणिक तुलना करायला त्यांचा उपयोग करा.

स्टुडिओ शोधायचा तर निगेटिव्हच्या कडा वाचा. खालच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलेला आकडा असेल, मसाल्याच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या रासायनिक थराच्या बाजूनं पाहिलं तर आरशातल्यासारखा उलटा, म्हणजे प्रिंटमध्ये सरळ यावा. तो कामाचा नंबर. स्टुडिओच्या नोंदवहीत त्या नंबरासमोर तारीख, गिऱ्हाइकाचं नाव आणि रक्कम असायची. वही जिवंत असेल तर तुमचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. सॉल्ट लेक सिटीच्या शिप्लर स्टुडिओचा साठा युटाच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहे. लॉस एंजेलिसच्या १९२४ मध्ये सुरू झालेल्या डिक व्हिटिंग्टन स्टुडिओचा तिथल्या यूएससी विद्यापीठात आणि हंटिंग्टन ग्रंथालयात. अशा साठ्यांचं मोल नुसत्या चित्रांमुळे नाही, नंबर आणि गिऱ्हाइकं यांची जोडी टिकली म्हणून आहे. तुमच्या बाबतीत वही नसणार असं गृहीत धरून चाला. पण सगळ्या निगेटिव्हचे नंबर एका कागदावर चढत्या क्रमानं लिहा. एखाद्या दुसऱ्या फोटोची तारीख कळण्यासारखी असेल, समजा नव्या इमारतीचं उद्घाटन, तर त्याच्या अलीकडचे-पलीकडचे नंबर आपोआप जागेवर बसतात. मूळ कागदी पाकिटं असतील तर ती फेकू नका, निगेटिव्ह नव्या पाकिटात घातल्या तरी.

प्रिंटच्या पाठीवर रबरी शिक्का असेल तर पत्ता आणि फोन नंबर बघा. टेलिफोन एक्सचेंजचं नाव आणि पुढे चारच आकडे असतील तर ते जुनं. नावानंतर एक आकडा, मग रेघ आणि चार आकडे असतील तर बरंच नंतरचं. पत्त्यावरून शहराची डिरेक्टरी चाळा. पोल्क कंपनीच्या डिरेक्टऱ्यांत धंद्यांची वर्गवारी असायची, त्यात "छायाचित्रकार, व्यावसायिक" असा स्वतंत्र मथळा मिळतो. तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत होता हे डेट्रॉईट पब्लिक लायब्ररीच्या बर्टन विभागात बसून काढता येईल. मात्र सावध राहा: शिक्का प्रिंटची तारीख सांगतो, निगेटिव्हची नाही. जुन्या प्लेटवरून वीस वर्षांनी प्रिंट काढून विकणं हा स्टुडिओचा नेहमीचा उद्योग होता.

आता फोटोच्या आतला पुरावा. यात लोक पहिली चूक करतात ती गाड्यांपाशी. फोर्डची मॉडेल टी दिसली की १९१० चं दशक म्हणून मोकळे होतात. मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनत होती आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं रस्त्यावर होती. जुनी गाडी काहीच सिद्ध करत नाही. रांगेतली सर्वांत नवी गाडी शोधा, फोटो तिच्या आधीचा असू शकत नाही. डेट्रॉईटला हे जास्तच लागू, कारण नवं मॉडेल आधी तिथल्याच रस्त्यांवर दिसायचं. नंबर प्लेटवर बारीक अक्षरात वर्ष असतं, ते वाचता आलं तर सोन्याहून पिवळं.

तुमच्या चौकासाठी माझा खरा भरवसा ट्रामवर आहे. १५ मे १९२२ रोजी डेट्रॉईट शहरानं ट्रामसेवा खासगी डेट्रॉईट युनायटेड रेल्वेकडून आपल्या ताब्यात घेतली, आणि पुढे ती डिपार्टमेंट ऑफ स्ट्रीट रेल्वेज म्हणून चालली. डब्याच्या अंगावर कोणाचं नाव आहे, ते काढा. जुन्या कंपनीचं असेल आणि मनोऱ्यावर तीन-तीन दिवेही असतील, तर फोटो १९२० ते १९२२ च्या आसपास अडकतो. एवढ्या छोट्या कालावधीत तारीख बसणं हे नशीबच. थोडी ढील ठेवा, कारण सत्ता बदलली तरी सगळे डबे दुसऱ्या दिवशी रंगवून होत नाहीत.

मग इमारती. कॅमेरा वुडवर्ड-मिशिगनच्या चौकात असेल तर एका कोपऱ्यावर मॅजेस्टिक बिल्डिंग आणि तिच्यासमोर जुना सिटी हॉल दिसायला हवा. या दोन्ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होत्या, त्यामुळे जागा पक्की होते, काळ होत नाही. काळासाठी कॅडिलॅक स्क्वेअरच्या कोपऱ्यावरची फर्स्ट नॅशनल बिल्डिंग बघा. ती १९२२ ची. तिथे जुनी बुटकी इमारत, खड्डा किंवा पोलादी सांगाडा, जे दिसेल त्यावरून पुढेमागे सरकता येईल. कोपरा दिसतच नसेल, तर नाद सोडा.

ऋतूसाठी एक गंमत. अमेरिकेत तेव्हा पुरुषांनी गवती हॅट मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच घालायची असा अलिखित कायदा होता, इतका कडक की १९२२ मध्ये न्यूयॉर्कला मुदत संपायच्या दोन दिवस आधीच पोरांनी लोकांच्या गवती हॅट हिसकावायला सुरुवात केली आणि त्यावरून दंगल झाली. फोटोत पांढऱ्या सपाट हॅट असतील तर उन्हाळा. थिएटरच्या पाटीवरचं खेळाचं नाव वाचता आलं तर फोटो कोणत्या आठवड्यातला हेसुद्धा ठरवता येतं.

हे सगळं वाचण्यासाठी स्कॅन चांगला हवा. अख्खी निगेटिव्ह कडांसकट घ्या, चित्रापुरती कापून नको. १२०० डीपीआयला आठ बाय दहाची निगेटिव्ह ९६०० बाय १२००० पिक्सेल होते. ट्रामवरची अक्षरं आणि पाट्यांवरची नावं वाचायला एवढं बस्स. १६-बिट ग्रेस्केल, टिफ फाइल. कॉन्ट्रास्ट नंतर वाढवा, स्कॅन करताना नाही, नाहीतर दिव्यांच्या गोलांतला तो बारीक फरक, ज्याच्यावर आपला सगळा डाव आहे, तोच जाईल.

पण थांबा. स्कॅनरला हात लावायच्या आधी फिल्मच्या निगेटिव्ह वेगळ्या काढा, आणि हा परिच्छेद घरातल्यांनाही वाचून दाखवा. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत शीट फिल्म बरीचशी नायट्रेटची असायची, आणि ती पेटते. एकदा पेटली की पाण्यानंही सहज विझत नाही. कडेला "नायट्रेट" किंवा "सेफ्टी" असं छापलेलं असतं, तिरक्या प्रकाशात वाचा. काही छापलेलं नसेल आणि फिल्म पिवळसर, चिकट, झोंबणाऱ्या वासाची असेल तर नायट्रेटच समजा. व्हिनेगरचा वास आला तर ती ॲसिटेट; खराब होतेय, पण पेटण्याची भीती तशी नाही. तुकडा जाळून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नायट्रेट माळ्यावर, गाडीत किंवा हीटरजवळ ठेवायची नाही, बंद डब्यात कोंडायची नाही, आणि साध्या टपालानं कोणाला पाठवायची तर मुळीच नाही. तिला घातक मालाचे नियम लागतात. चिकटलेल्या शीट ओढून सोडवू नका. चांगल्या स्थितीतल्या असतील तर हवेशीर खोलीत थंड लाइट पॅडवर ठेवून कॅमेऱ्यानं फोटो घ्या आणि मग थंड जागी, काचेच्या प्लेटपासून दूर ठेवा. पावडर सुटू लागलेल्या असतील तर स्थानिक अग्निशमन दलाला किंवा घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला फोन करा.

काचेच्या प्लेट उभ्या ठेवा, लांब कडेवर. एकावर एक रचू नका, तळातली तडकते. धूळ मऊ ब्रशनं काचेच्या बाजूनंच झटका. मसाल्याची बाजू कोणती हे कळत नसेल तर प्लेट तिरकी धरा, जी बाजू मंद दिसते ती. तिला काही करू नका.

विकायचं की ठेवायचं, हे तुमच्या मनावर आहे, पण किंमत एकट्या सिग्नलच्या फोटोत कमी आणि खोक्यात जास्त आहे. तो एक फोटो काढून विकलात तर बाकीचे नंबर अनाथ होतात. कोणा संस्थेला द्यायचं ठरलं तर बर्टन विभाग किंवा वेन स्टेट विद्यापीठाचं रूथर ग्रंथालय यांना आधी यादी आणि चार स्कॅन पाठवा. नायट्रेट आहे हे पहिल्याच ओळीत लिहा. हक्कांचं म्हणाल तर निगेटिव्ह तुमच्या मालकीची आहे म्हणून कॉपीराइट तुमचा होत नाही. अमेरिकेत त्या काळात प्रसिद्ध झालेल्या चित्राला साधारण ९५ वर्षं संरक्षण धरतात, तेव्हा १९२२ मध्ये माहितीपत्रकात छापला गेलेला फोटो आता मोकळा आहे. कधीच न छापलेल्या, स्टुडिओनं नोकरांकडून काढून घेतलेल्या चित्राला तयार झाल्यापासून १२० वर्षं. घरात फ्रेम करून लावायला यातलं काहीच आड येत नाही. मूळ प्रिंट लावू नका, स्कॅनवरून नवा काढून लावा.

इथे पुढचं लिहाल तेव्हा मला तीन गोष्टी हव्यात: कोपऱ्यातला नंबर, मनोऱ्यावरच्या एका बाजूच्या दिव्यांचा जवळून घेतलेला स्कॅन, आणि ट्रामच्या अंगावरची अक्षरं जशी दिसतील तशी, अर्धवट असली तरी चालतील. आणि त्याच चौकाचा आणखी एखादा फोटो खोक्यात असेल तर तोही, मग तो कितीही कंटाळवाणा वाटो.